नॅसेल म्हणजे इंजिनाचं झाकण नव्हे, होडकं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विमानाच्या इंजिनाभोवती जे गोल आवरण दिसतं त्याला नॅसेल का म्हणतात, काउलिंग आणि नॅसेल यांत फरक काय, आणि हा शब्द आला कुठून? तुमच्या एका मित्राच्या मते तो एनएसीए या जुन्या अमेरिकन संस्थेच्या नावावरून आला, तर दुसऱ्याच्या मते 'सेल' म्हणजे कोठडी, म्हणून इंजिनाची कोठडी ती नॅसेल. शिवाय तुम्हाला मराठीत लेख लिहायचा आहे, म्हणून 'इंजिनाचं आवरण' असा प्रतिशब्द चालेल का आणि नॅसेलचा उच्चार कसा करायचा, हेही विचारलंय. सोबत लेखाचा मसुदा आणि पक्षी धडकलेल्या इंजिनाचा फोटोही पाठवलाय.

मित्रांचे दोन्ही तर्क चुकीचे आहेत. पण मला वाटतं तुमची खरी अडचण व्युत्पत्तीची नाही. 'आवरण' हा अर्थ डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळंच अडतं. आवरण तर काउलिंगही आहे, मग दोन शब्द कशाला? सेस्ना १७२ या छोट्या एक-इंजिनी विमानाच्या नाकातल्या इंजिनावरही आवरण असतं, मग त्याला कोणी नॅसेल का म्हणत नाही? पवनचक्कीच्या खांबावर बसवलेल्या पेटीलाही नॅसेलच म्हणतात, ते कसं? शब्दाचा उगम कळला की या तिन्ही गाठी एकदम सुटतात. म्हणून उगमापासूनच सुरुवात करतो. मी विमान देखभालीत सव्वीस वर्षं काढली आहेत, त्यातली बरीचशी रात्रपाळीत, इंजिनाखाली उकिडवं बसून. तरी पहिली काही वर्षं मीही हा शब्द 'आवरण' याच अर्थाने वापरत होतो.

मला तो खऱ्या अर्थाने कळला फ्रान्समधल्या एका प्रशिक्षणात. हँगरमध्ये आम्ही एका जेट इंजिनासमोर उभे होतो. तिथला तंत्रज्ञ मला म्हणाला, 'नासेल'मध्ये चढ. मी इंजिनाच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे चढायचं कसं ते कळेना. तो मान हलवून दुसरीकडेच बोट दाखवत होता. तिथे उचलयंत्राचा पिंजरा उभा होता. लांब हाताच्या टोकाला बसवलेला, ज्यात माणूस उभा राहतो आणि यंत्र त्याला वर नेतं, तो. फ्रेंचमध्ये त्याला नासेल म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गरम हवेच्या बलूनखाली जी टोपली लोंबते ती नासेल, आणि तान्ह्या बाळाला झोपवून उचलून न्यायची, बाबागाडीवर अडकवता येणारी टोपलीही नासेल.

इंजिनाचं घर, पिंजरा, बलूनची टोपली, बाळाची टोपली. या चार वस्तूंत झाकणं कुठेच नाही. बाळाची टोपली आणि बलूनची टोपली तर वरून उघड्याच. चौघींत समान आहे ते इतकंच की ती एक सुटी, आटोपशीर, काहीतरी वाहून नेणारी वस्तू आहे आणि ती कशाला तरी मोठ्या गोष्टीला टांगलेली किंवा जोडलेली आहे.

फ्रेंचमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ आहे लहान नाव, होडकं. लॅटिनमध्ये जहाजाला नाविस म्हणत. त्याचं लहानखुरं रूप नाविकेला, उत्तरकाळात उच्चार नाविचेलासारखा झाला. आपण होडीचं होडकं करतो तसंच हे. पुढे मधला 'वि' झिजून गेला आणि जुन्या फ्रेंचमध्ये नासेल उरलं. म्हणजे शेवटचं 'सेल' हे शब्दाला लहानपणा देणाऱ्या प्रत्ययाचा अवशेष आहे. कोठडीच्या 'सेल'शी त्याचं नातं नाही.

आता आपल्याला जवळची गोष्ट. लॅटिन नाविस, ग्रीक नाउस आणि संस्कृत नौ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, हे भाषाशास्त्रात पूर्वीपासून मान्य आहे. आपले नौका, नाविक, नावाडी, नौदल आणि साधी 'नाव' हे सगळे त्याच घराण्यातले. तेव्हा तुमच्या लेखात तुम्ही नॅसेल हा शब्द परका म्हणून बिचकत वापरू नका. तो आपल्या नावेचा दूरचा भाऊबंद आहे, फ्रान्समार्गे फिरून आलेला. कुठल्या विमानाची कुठली वस्तू असा गोंधळ झाला की मी आजही मनात 'होडकं' म्हणून बघतो. बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

पाण्यातलं होडकं आकाशात गेलं ते बलूनमुळे. १७८३ हे त्याचं वर्ष. त्या सप्टेंबरात व्हर्सायला माँगोल्फिए बंधूंच्या बलूनखाली टोपली बांधून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर पाठवले. २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की द'आर्लांद हे दोघे गरम हवेच्या बलूनमधून गेले, आणि १ डिसेंबरला जाक शार्ल आणि निकोला-लुई रोबेर हायड्रोजनच्या बलूनमधून. हवेत तरंगणं या कल्पनेला लोकांकडे एकच उपमा होती, पाण्यात तरंगण्याची. त्यामुळे माणसं बसायची जागा होडीसारखी घडवली गेली आणि नावही तेच मिळालं. ७ जानेवारी १७८५ ला ब्लांशार आणि जेफ्रीझ यांनी बलूनमधून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्यांच्याजवळ हवेत मारायला वल्हीसुद्धा होती. वल्ह्यांचा उपयोग काही झाला नाही. बलून खाली यायला लागलं तसं हातातलं सगळं, अगदी अंगावरचे कपडेही, त्यांना खाली टाकावे लागले. पण बलूनखालच्या टोपलीला नासेल हे नाव जे चिकटलं ते फ्रेंचमध्ये आजही आहे.

या टप्प्यात नासेलमध्ये माणूस होता, इंजिन नव्हतं. इंजिन त्यात आलं १८५२ मध्ये. आंरी जिफार याने २४ सप्टेंबरला लांबट फुग्याखाली एक सांगाडा टांगला, त्यावर तीन अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन ठेवलं, स्वतःही त्यावरच उभा राहिला आणि पॅरिसहून सुमारे सत्तावीस किलोमीटर गेला. वर ज्वालाग्राही वायूने भरलेला फुगा असताना आग आणि कोळसा जितका खाली, जितका लांब ठेवता येईल तितकं बरं, हे त्याला उघडच होतं. विमानशास्त्रात इंजिन मुख्य देहापासून वेगळं, बाहेर, टांगून ठेवायची जी रीत आहे तिचं मूळ मला इथे दिसतं. आजही इंजिन पंखाखाली टांगण्याच्या कारणांत आग हे एक मोठं कारण आहे.

एअरशिपच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या लांबट हवाई जहाजांच्या काळात हे नातं पक्कं झालं. काउंट झेपेलिनचं पहिलं एअरशिप २ जुलै १९०० ला कॉन्स्टन्स सरोवरावर उडालं. त्याखाली दोन होड्या होत्या आणि प्रत्येकीत एक डाइमलर इंजिन. जर्मनांनी त्यांना फ्रेंच शब्द न लावता गोंडेल म्हटलं, म्हणजे व्हेनिसची गोंडोला. म्हणजे तीही होडीच! आजही जर्मनमध्ये इंजिनाच्या नॅसेलला इंजिनाची गोंडोला अशा अर्थाचा शब्द आहे, रशियनमध्ये मोटोगोंदोला आणि स्पॅनिशमध्ये बार्किल्या, म्हणजे पुन्हा लहान नाव. वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांनी एकाच वस्तूला होडी म्हणावं, यातच या शब्दाचा अर्थ काय ते कळतं.

१९२८ मध्ये उडालेल्या ग्राफ झेपेलिनला इंजिनांच्या पाच स्वतंत्र गोंडोला होत्या आणि प्रत्येकीत इंजिनाबरोबर एक मेकॅनिक बसलेला असे. पाळी बदलली की एअरशिपच्या पोटातून बाहेर काढलेल्या शिडीवरून, खाली मोकळं आकाश असताना, त्याला त्या छोट्या पेटीत उतरावं लागे. आत मायबाख इंजिनाची धग आणि आवाज, आणि त्याच्या शेजारी तासन्‌तास उभं राहून तेलाचा दाब बघायचा. माझ्या धंद्यातल्या माणसांबद्दल मी हे वाचतो तेव्हा मला नॅसेल हा शब्द निव्वळ पत्र्याचा वाटत नाही. त्या काळी ते खरंच इंजिन आणि माणूस दोघांना घेऊन जाणारं होडकं होतं. पहिल्या महायुद्धातल्या झेपेलिन-श्टाकेनच्या अवाढव्य विमानांतही एकामागे एक बसवलेल्या दोन इंजिनांच्या मध्ये, त्याच नॅसेलमध्ये, मेकॅनिकसाठी जागा ठेवलेली होती.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात लहान होडी याच अर्थाने एकदा येऊन गेला होता, पण तो टिकला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा आला तो फ्रेंच विमानविद्येबरोबर. त्या वर्षांत उडण्याच्या बाबतीत फ्रान्स इतकं पुढे होतं की विमानाच्या निम्म्या अवयवांची नावं तिथूनच आली. फ्यूजलाज हा शब्द सूतकताईच्या चातीवरून आला, मधे जाड आणि टोकांना निमुळता. एलेरॉन म्हणजे छोटा पंख. एम्पनाज म्हणजे बाणाच्या मागे लावलेली पिसं, जी बाणाला सरळ ठेवतात तशीच शेपटी विमानाला सरळ ठेवते. हे शब्द मी शिकाऊ मुलांना असेच समजावतो, कारण प्रत्येक नावात त्या अवयवाचं काम किंवा आकार लपलेला आहे. हँगर, लाँजरॉन, मोनोकॉक, कॅनार्ड हीसुद्धा त्याच वाटेने आलेली मंडळी.

विमानांत आल्यावर मात्र नॅसेलमध्ये आधी इंजिन बसलं असं नाही. पहिल्या महायुद्धातली पुशर विमानं बघा, एअरको डीएच-२ किंवा एफई-२बी. प्रोपेलर मागे, शेपटी चार काटकुळ्या दांड्यांवर, आणि मधे पंखांच्या बेचक्यात एक आखूड टबासारखी पेटी. त्या पेटीला नॅसेल म्हणत. तिच्यात पुढे माणसं, मागे इंजिन. ही रचना का, तर प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या झाडायची युक्ती त्यांच्याकडे तेव्हा नव्हती, म्हणून प्रोपेलर मागे ढकलून पुढची बाजू बंदुकीसाठी मोकळी ठेवली होती. एफई-२बीमध्ये मागून शत्रू आला तर पुढच्या निरीक्षकाला उभं राहून, मागे तोंड करून, वरच्या पंखावरून गोळ्या झाडाव्या लागत, आणि तेव्हा नॅसेलचा कठडा जेमतेम त्याच्या नडगीपर्यंत येई. याला इंजिनाचं आवरण कसं म्हणणार?

दुसरं, याहूनही बोलकं उदाहरण लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानाचं. दोन लांब बूम, म्हणजे शेपटीपर्यंत जाणाऱ्या नळ्या, आणि मधे एक छोटं अंग. इंजिनं दोन्ही बूमच्या पुढच्या टोकाला, आणि मधल्या अंगात वैमानिक आणि बंदुका. त्या मधल्या अंगाला मध्यवर्ती नॅसेल म्हणतात. म्हणजे इथे नॅसेल आहे आणि त्यात इंजिन नाही!

मग इंजिन हाच अर्थ उरला कसा? विमानाला पूर्ण लांबीचं धड आलं, माणसं, सामान, शेपटी सगळं त्या धडात गेलं. धडाबाहेर वेगळी राहिली ती पंखांवरची इंजिनं. होडकं म्हणण्याजोगी तेवढीच वस्तू उरली, आणि शब्द तिच्यापुरता आखडला.

आता एनएसीएचं. तुमच्या मित्राला हा तर्क सुचला यात नवल नाही, कारण या संस्थेचं आणि इंजिनाच्या आवरणाचं नाव खरंच एकत्र घेतलं जातं. ही संस्था १९१५ मध्ये स्थापन झाली, नासाची पूर्वज. शब्द तिच्याहून कित्येक शतकं जुना, तेव्हा तो तिच्यावरून येणं शक्यच नाही. पण १९२८ च्या सुमारास तिथे फ्रेड वाइक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तारकाकृती इंजिनाभोवती (ज्याचे सिलिंडर ताऱ्याच्या टोकांसारखे गोलाकार मांडलेले असतात) बसवायचं एक काउलिंग घडवलं. तोवर ही इंजिनं उघडीच असत. सिलिंडर वाऱ्यात राहिले तर थंड राहतात, झाकले तर तापतात, अशी समजूत होती. वाइकने दाखवलं की आवरणाचा आकार नीट साधला तर हवा सिलिंडरभोवती अधिक शिस्तीने फिरते आणि वाऱ्याचा अडथळाही खूप घटतो. लॉकहीड एअर एक्सप्रेसला ते बसवल्यावर तिचा वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ वर गेला. १९२९ ची कॉलियर ट्रॉफी, हा अमेरिकेतला विमानविद्येचा मानाचा पुरस्कार, याच कामाला मिळाली.

आणि इथेच काउलिंग आणि नॅसेल यांतला फरक हाताला लागतो. तेच काउलिंग तीन इंजिनांच्या फॉकर विमानाला लावलं तेव्हा अपेक्षेइतका फायदा दिसेना. पंखाखाली टांगलेली इंजिनं पंखाजवळच्या हवेत ढवळाढवळ करत होती. मग संस्थेने नॅसेल पंखाच्या संदर्भात कुठे बसवावं याचेच प्रयोग केले. पंखाच्या वर, खाली, पुढे, सगळीकडे. प्रोपेलरच्या विमानांसाठी उत्तर निघालं ते असं की नॅसेल पंखाच्या पुढच्या कडेतच, इंजिन पुढे काढून बसवावं. डीसी-३ मध्ये तुम्हाला तेच दिसतं. काउलिंगचा प्रश्न होता 'इंजिनावर काय घालू', आणि नॅसेलचा प्रश्न होता 'हे अख्खं अंग विमानावर कुठे ठेवू'. काउलिंग हा शब्द संन्याशाच्या डोक्यावरच्या टोपडीवरून आला आहे. म्हणजे काउलिंग हे कापड आणि नॅसेल ही होडी, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

म्हणून सेस्ना १७२ ला काउलिंग आहे, नॅसेल नाही, कारण तिचं इंजिन धडाच्याच नाकात आहे. डी हॅविलंड कॉमेटची जेट इंजिनं पंखाच्या मुळात गाडलेली होती, तिथेही होडकं म्हणावं असं बाहेर काही नाही. उलट बी-४७ या अमेरिकन बॉम्बरने, १९४७ मध्ये, इंजिनं पंखाखाली पुढे काढलेल्या पायलॉनांना, म्हणजे पंख आणि इंजिन जोडणाऱ्या खांबांना, टांगली, आणि आजची बहुतेक प्रवासी विमानं त्याच वळणाची आहेत. टांगण्याचे फायदे अनेक. आग लागली तर ती पंखापासून दूर राहते, इंजिन काढायला-घालायला सोपं पडतं, आणि हवेत पंख वर वाकू पाहतो तेव्हा इंजिनाचं वजन त्याला खाली धरून ठेवतं, त्यामुळे पंखाच्या मुळावरचा ताण कमी होतो. पवनचक्कीचीही तीच गोष्ट. पात्यांच्या मागे, खांबाच्या डोक्यावर, गिअरबॉक्स आणि जनित्र घेऊन बसलेलं वेगळं अंग, म्हणून ते नॅसेल.

आता आजच्या जेट विमानात नॅसेलमध्ये नेमकं काय येतं. इथे मात्र मला 'परिस्थितीवर अवलंबून' असं म्हणावं लागेल. समोरून मागे गेलो तर आधी इनलेट, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, त्याची चकचकीत गोल कड म्हणजे लिप. मग दोन बाजूंना उघडणारे फॅन काउल, म्हणजे पंख्याभोवतीच्या काउलिंगचे दरवाजे. मग थ्रस्ट रिव्हर्सर, जो उतरल्यावर मागे सरकतो आणि हवा पुढच्या दिशेला वळवतो. मग आतल्या गाभ्याभोवतीचं आवरण आणि शेवटी हवा बाहेर सोडणारं तोंड, नॉझल. इथवर सगळे नॅसेल म्हणतील. पायलॉन त्यात धरायचा का, याबद्दल लोक वेगवेगळं बोलतात. एअरबसच्या कागदांत त्याला पायलॉन म्हणतात, बोईंगच्या कागदांत स्ट्रट. आमच्या मॅन्युअलची प्रकरणं ज्या एटीए क्रमांकांनी लावलेली असतात त्यांत ५४ व्या प्रकरणाचं नावच नॅसेल आणि पायलॉन असं जोडीने आहे, पण काउल उघडायची माहिती हवी असेल तर ७१ वं प्रकरण काढावं लागतं आणि रिव्हर्सरसाठी ७८ वं. इंजिन स्वतः ७२ व्यात. म्हणजे होडकं एकच, पण कागदावर ते तीन ठिकाणी वाटलेलं. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो यामुळे. टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानांत, आणखी एक भर पडते. डॅश-८ ची मुख्य चाकं नॅसेलच्या मागच्या भागात जाऊन बसतात, तर एटीआर-७२ ची चाकं धडालगतच्या फुगवट्यात. एका विमानात नॅसेल चाकांचंही घर आहे, दुसऱ्यात नाही.

नॅसेलमध्ये इंजिन स्वतः मात्र येत नाही. होडी वेगळी, तीत बसलेला वेगळा. बोईंग ७३७ चं उदाहरण घ्या. त्याच्या पहिल्या मालिकेची इंजिनं बारीक होती, म्हणून विमान जमिनीलगत बुटकं ठेवलेलं. पुढे १९८४ मध्ये उडालेल्या ७३७-३०० ला बरंच रुंद सीएफएम-५६ इंजिन लावायचं ठरलं आणि जमिनीपासून अंतर पुरेना. तेव्हा इंजिनाला खालून जोडलेली उपकरणं बाजूंना हलवली आणि नॅसेलचा तळ चपटा केला. समोरून पाहिलंत तर ते तोंड खालून दाबल्यासारखं दिसतं. आतला पंखा पूर्ण गोल आहे. चपटं आहे ते फक्त नॅसेल.

हा फरक जिवाशी येतो. इंजिनाच्या पंख्याभोवती एक जाड कडं असतं, फॅन केस. पातं तुटलं तर ते आत अडवायची जबाबदारी या केसची. केस हा इंजिनाचा भाग आहे, नॅसेलचा नाही. बाहेरचे काउल हलके असतात, ते पातं अडवायला केलेलेच नसतात. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्टच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात पंख्याचं पातं तुटलं. त्याच्या हादऱ्याने फॅन काउलचे तुकडे सुटले, त्यातला एक खिडकीवर आदळला आणि एक प्रवासी दगावली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी 'इंजिनाचं आवरण फुटलं' असं लिहिलं गेलं. कोणतं आवरण, केस की काउल, हाच तर तपासातला मोठा प्रश्न होता. 'आवरण' हा शब्द इथे वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

माझ्याच हातून असं एकदा झालंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लॉगबुकात लिहिलं, 'डाव्या नॅसेलला डेंट'. मला म्हणायचं होतं फॅन काउलच्या खालच्या बाजूला अंगठ्याच्या पेराएवढा पोचा आहे. पुढच्या पाळीच्या इंजिनिअरने ते वाचून लिप धरली, आणि त्याने तसं धरणं योग्यच होतं, कारण दोन्हींत जास्त गंभीर तीच. लिपवरचा पोचा म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या पहिल्याच पायरीवर खड्डा, आणि तिच्या आत बर्फ वितळवायला गरम हवा खेळते. त्यामुळे तिथल्या पोच्याच्या मर्यादा काउलपेक्षा फार कडक असतात. त्या माणसाने शिडी मागवली, पूर्ण कड हाताने चाचपली, टॉर्चच्या तिरप्या उजेडात पुन्हा पाहिली. काही सापडेना, म्हणून सोडताही येईना. विमान चाळीस मिनिटं थांबलं. मला त्याने एवढंच सांगितलं की नॅसेल ही जागा नाही, ते गावाचं नाव आहे, घर सांग.

तेव्हापासून मी शिकाऊ मुलांना काउलचे लॅच, म्हणजे बंद करायच्या कड्या, दाखवताना आधी खाली बसवतो. फॅन काउलचे दोन्ही दरवाजे नॅसेलच्या अगदी तळाशी एकमेकांना मिळतात आणि लॅच तिथे असतात. उभ्या माणसाला ते दिसत नाहीत. ए-३२० च्या जातीच्या विमानाखाली तर जवळजवळ जमिनीला गाल लावावा लागतो. लॅच पूर्ण बसला तर त्याची मूठ पत्र्याशी सपाट असते, बोट फिरवलं तर कड लागत नाही. नुसता अडकवलेला असेल तर मूठ किंचित लोंबते. दरवाजा मात्र दोन्ही वेळा बंदच दिसतो. २४ मे २०१३ ला हीथ्रोहून सुटलेल्या एका ए-३१९ च्या दोन्ही इंजिनांचे फॅन काउल याच कारणाने उड्डाणाच्या वेळी उखडून गेले होते. अशा घटना वारंवार झाल्यावर या विमानांच्या काउलना किल्लीचा लॅच आला, जो नीट बंद झाल्याखेरीज लाल फीत बांधलेली किल्ली बाहेरच येत नाही.

उच्चाराबद्दल तुम्ही विचारलेलं राहिलं. इंग्रजीत जोर दुसऱ्या अक्षरावर असतो, त्यामुळे कानाला तो जवळजवळ आपल्या 'नसेल' या क्रियापदासारखा येतो. हँगरमध्ये सगळे तसंच बोलतात. लिहिताना मात्र मी नॅसेल लिहितो, नाहीतर 'इंजिनात बिघाड नसेल' आणि 'इंजिनाचं नसेल' यांत वाचणारा अडखळेल.

मराठी प्रतिशब्दाबद्दल माझं मत असं. 'आवरण' आणि 'झाकण' हे काउलिंगसाठी राखून ठेवा, तिथे ते चपखल बसतात. नॅसेलला शब्दच घडवायचा असेल तर 'इंजिनकोश' त्यातल्या त्यात बरा, कारण कोशात काहीतरी राहतं असा अर्थ आहे. पण सामान्य वाचकासाठीच्या लेखात मी नॅसेल तसाच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला एक वाक्य देईन: विमानाच्या धडाबाहेर इंजिन वाहून नेणारं, पंखाला किंवा शेपटीजवळ जोडलेलं निमुळतं अंग. आणि तुमच्या मसुद्यातलं ते वाक्य, 'पक्षी धडकल्याने इंजिनाच्या आवरणाचं नुकसान झालं', ते बदला. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पोचा इनलेटच्या चकचकीत कडेवर आहे, घड्याळाच्या चाराच्या जागी. तेव्हा लिहा: 'उजव्या नॅसेलच्या इनलेट लिपला, चाराच्या जागी, पक्ष्याच्या धडकेने पोचा आला.'